रोजच्या वापराचा मऊ सुती रुमाल : विणकामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी : दोरा

विणायचा आहे तोंड-अंग धुण्याचा, वीतभर चौरस रुमाल. तो रोज भिजणार, रोज पिळला जाणार आणि दर दोन-तीन दिवसांनी कपड्यांबरोबर धुतला जाणार. दोरा निवडताना एवढंच डोळ्यांसमोर ठेवलं.

शंभर टक्के सुती, न चकाकणारा, मध्यम जाड दोरा घेतला. ५० ग्रॅमच्या गुंड्यात ८५ मीटर, असे तीन गुंडे. सूत ओलं झाल्यावर कोरड्यापेक्षा मजबूत होतं, त्यामुळे पिळण्याची भीती नाही. अ‍ॅक्रिलिक पाणी धरत नाही, नुसतं अंगावरून फिरतं. साधी लोकर गरम पाणी, साबण आणि चोळणं या तिन्हींनी आटते आणि तिचा नमदा, म्हणजे दाट घट्ट थर होतो. ‘बांबू’ म्हणून विकला जाणारा बहुतेक दोरा हा व्हिस्कोज असतो. तो हाताला रेशमी लागतो, पण ओला असताना कमजोर पडतो, त्यामुळे पिळायच्या कापडाला तो एकटा नको.

मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला चकचकीत सुती दोरा तुलनेसाठी थोडा हाताशी ठेवला आहे. त्याचे टाके फार सुबक दिसतात, रंगही उठून येतो. पण विणलेलं कापड गुळगुळीत आणि आवळ राहतं, फुलत नाही. टेबलावरच्या नक्षीकामाला तो उत्तम, या कामाला नाही.

रंग फिका घेतला. गडद लाल, निळा किंवा काळा घ्यायचा झाला तर आधी हातभर दोरा कोमट साबणपाण्यात अर्धा तास बुडवून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. डाग पडला तर तो रंग चेहऱ्याच्या रुमालाला वापरू नये.

४ फेब्रुवारी : नमुना, चार सुयांवर

मऊपणा दोऱ्यात निम्माच असतो, उरलेला सुईच्या नंबरावर ठरतो. म्हणून एकच लांब पट्टी विणली. २४ टाके, सगळ्या ओळी सुलट, म्हणजे दोरा मागे ठेवून कडी समोर ओढायची (उलट टाक्यात दोरा पुढे ठेवून कडी मागे). सुरुवात ३.५ मिमी सुयांवर, मग ४, ४.५ आणि ५ मिमी. प्रत्येक सुईवर २४ ओळी, म्हणजे १२ कंगोरे. सुई बदलली त्या ओळीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून खूण केली. पट्टीला २४ ग्रॅम दोरा लागला.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींचा मिळून एक आडवा कंगोरा दिसतो. या विणीचे दोन मोठे फायदे: कडा वळत नाहीत, आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. एक ओळ सुलट, एक उलट अशी सपाट वीण इथे चालणार नाही. ती वर-खालून पुढे आणि दोन्ही बाजूंनी मागे गुंडाळली जाते, आणि दोऱ्याचा पीळ जास्त असेल तर तिरकीही होते.

न धुता मोजलेली मापं, प्रत्येक भागाच्या मधोमध, १० सेंमीला: ३.५ मिमीवर २० टाके, ४ वर साडेअठरा, ४.५ वर १७, ५ वर साडेपंधरा. माप घेताना पट्टी ताणली जात नाही ना, हे पाहिलं. काठाचे तीन-तीन टाके मोजायचे नाहीत, ते कधीच खरं सांगत नाहीत.

५ फेब्रुवारी : नमुना धुऊन

पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो काही क्षण तसाच गोल बसून राहिला. नवीन सुती दोऱ्यावर कारखान्यातल्या प्रक्रियेचा मेणचट, मऊ करणारा थर असतो. म्हणून न धुतलेल्या नमुन्यावरून शोषणाचा अंदाज बांधू नये. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन, तीन पाणी काढून, सपाट वाळवल्यावर थेंब पडताक्षणी आत गेला.

धुतल्यावर ४.५ मिमीचा भाग १० सेंमीला पावणेअठरा टाके आणि १८ कंगोरे दाखवतो. रुंदीत थोडा आणि उंचीत जरा जास्त आटला. ५ मिमीचा भाग सर्वांत जास्त आटला, ३.५ चा सर्वांत कमी, कारण घट्ट विणीत दोऱ्याला सरकायला जागाच नसते.

हाताला काय लागतं:
३.५ मिमी – पुठ्ठ्यासारखं. पाणी खूप धरतं, पण पिळायला जोर लागतो आणि वाळायला सर्वांत उशीर.
४ मिमी – ताठर. भांडी पुसायला चांगलं.
४.५ मिमी – बोटाभोवती सहज वळतं, कानामागे, मानेच्या घडीत जातं. पिळलं की लगेच सुटं होतं.
५ मिमी – सर्वांत मऊ, पण ओलं असताना लोंबतं आणि टाक्यांतून बोटाचं टोक आरपार जातं. साबण चोळताना नख अडकतं.

४.५ मिमी पक्की. हात घट्ट असणाऱ्यांनी ५ घ्यावी, सैल असणाऱ्यांनी ४. वेष्टनावर छापलेला सुईचा आकार हा सरासरी हाताचा असतो; आपल्या सुईचा नंबर धुतलेला नमुनाच सांगतो.

७ फेब्रुवारी : टाके घालणं

४० टाके. अंगठा आणि तर्जनीवर दोरा ताणून लांब टोकाने घालायची पद्धत वापरली. टोकासाठी प्रत्येक टाक्याला २ सेंमी धरून ८० सेंमी, आणि शेवटी ओवून बुजवायला १५ सेंमी वेगळं, असं ९५ सेंमी सोडलं. टोक कमी पडलं तर गाठ मारून वाढवायचं नाही, काढून पुन्हा घालायचं.

सुती दोऱ्याला लोकरीसारखी ताण-सैल नसते. लोकरीत घट्ट घातलेले टाके पुढे स्वतःला सावरून घेतात, सुतात ते जन्मभर घट्ट राहतात. कड आवळली की चौकोनाचा खालचा भाग अरुंद होतो आणि रुमाल कुंडीच्या आकाराचा दिसतो. उपाय सोपा आहे: टाके दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालायचे, आणि पहिली ओळ सुरू करण्याआधी एक सुई ओढून काढायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन टाक्यांमध्ये सुईवर थोडी जागा सोडणं. कड घट्ट होते ती मुख्यतः टाके एकमेकांना खेटून बसल्यामुळे, टाक्याच्या आकारामुळे कमी.

टाके २०-२० च्या गटात मोजले. मध्ये वेगळ्या दोऱ्याची सैल कडी सुईवर अडकवली आहे, ती ओळीगणिक एका सुईवरून दुसरीवर जात राहील.

८ फेब्रुवारी : ओळ १ ते ३८

सगळं सुलट. सुया बांबूच्या. सुती दोरा धातूच्या सुईवरून घसरतो, बांबू त्याला धरून ठेवतो. विणणाऱ्याचा हात तयार असेल तर धातूची सुई जलद चालते. टोक मात्र फार अणकुचीदार नको. या दोऱ्याचे पदर, म्हणजे पिळलेले बारीक धागे, सैल वळलेले आहेत, अणकुचीदार सुई टाक्यात जाण्याऐवजी पदरांत घुसते आणि दोरा फाटतो. फाटलेला टाका दिसला की तिथेच परत येऊन नीट करायचा, कारण बाहेर लोंबलेला पदर पुढे नखात, अंगठीत अडकतो.

ओळींचा हिशेब टोकावरून ठेवता येतो. या पद्धतीने टाके घातले की उरलेलं टोक पहिल्या ओळीच्या सुरुवातीला, उजव्या हाताला येतं. म्हणजे ओळ सुरू करताना टोक उजवीकडे असेल तर ती विषम ओळ, डावीकडे असेल तर सम. टोक उजवीकडे असताना समोर दिसणाऱ्या बाजूवर जितके कंगोरे, त्याच्या दुप्पट ओळी झाल्या. त्या बाजूला रंगीत दोऱ्याची खूण बांधली आहे, कारण दहा-पंधरा ओळींनंतर दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात.

कडेबद्दल: पहिला टाका न विणता उचलून घेतला तर साखळीसारखी देखणी कड येते. शालीला, गळपट्टीला ती शोभते. इथे पहिला टाकाही सुलटच विणला आहे. उचललेल्या टाक्याची कड दोन ओळींना एकच कडी पुरवते, पिळताना ती ताणली जाते आणि काठाला झालर सुटल्यासारखं होतं. विणलेली कड दिसायला खडबडीत, पण टिकाऊ.

दर दहा ओळींनी टाके मोजले. वाढण्याचं नेहमीचं कारण ओळीच्या सुरुवातीला आहे. काम उलटवल्यावर दोरा सुईच्या वरून मागे गेला तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय, म्हणजे सुईवरच्या कडीच्या दोन बाजू, वर ओढले जातात आणि एकाच्या जागी दोन टाके दिसतात. ते दोन्ही विणले की एक टाका वाढला. हे प्रत्येक ओळीत होत राहिलं तर चौकोनाचा पंखा होतो. ओळ सुरू करण्याआधी दोरा सुईच्या खालून मागे आहे ना, ते पाहायचं आणि पहिला टाका हलकेच खाली ओढून त्याचा एकच पाय दिसतो ना, ते तपासायचं. कमी होण्याची कारणं दोन: टाका सुईवरून सुटला, किंवा दोन टाके नकळत एकत्र विणले गेले.

सुती दोऱ्यात लवचीकपणा नसल्याने सगळा ताण मनगट आणि अंगठा घेतो. वीसेक मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटं उघडझाप करावीत. हात आखडला की टाके घट्ट होतात, आणि रुमालावर तेवढा पट्टा वेगळा दिसतो. थांबायचं ते ओळ पूर्ण करूनच. ओळीच्या मध्ये ठेवलेलं काम पुन्हा हातात घेताना दिशा चुकते, आणि सुतात त्या जागचा टाका ताणलेलाच राहतो.

१० फेब्रुवारी : ओळ ३९ ते ८०, आणि सुटलेला टाका

ओळ ५२ ला मोजताना टाके ३९ भरले. चार ओळी खाली एक टाका सुटून मोकळ्या आडव्या दोऱ्यांची शिडी झाली होती. सगळं उसवायची गरज नसते. क्रोशाची सुई घेऊन टाका वर चढवायचा, फक्त या विणीत एक पथ्य आहे: शिडीची प्रत्येक पायरी आळीपाळीने वेगळ्या बाजूने घ्यावी लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुटलेल्या कडीत समोरून क्रोशा घालायचा, तिच्या मागे असलेली आडवी पायरी पकडून कडीतून पुढे ओढायची, मग काम उलटवून पुढची पायरी त्या बाजूने तशीच घ्यायची. दर पायरीला काम उलटवत गेलं की कंगोरे आपोआप जुळतात. एकाच बाजूने सगळ्या पायऱ्या घेतल्या तर त्या जागी सपाट उभी रेघ उमटते आणि ती धुऊनही जात नाही. चढवून झाल्यावर टाका सुईवर ठेवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा.

गुंड्यात कारखान्याची एक गाठ निघाली. ती विणून टाकली नाही. गाठ अंगाला टोचते आणि धुण्यात सुटते. ओळ काठापर्यंत उसवली, १५ सेंमी टोक सोडून दोरा कापला आणि काठापासून नवीन दोऱ्याने सुरू केलं. जोड नेहमी काठावरच.

८० ओळी, ४० कंगोरे. रुंदी २३.५ सेंमी, उंची तेवढीच. या विणीत टाके आणि कंगोरे सारखे असले की चौकोन होतो, ही तिची फार मोठी सोय आहे. खात्री करायची तर कापड कर्णावर दुमडून पाहायचं, कडा जुळल्या की झालं.

११ फेब्रुवारी : टाके बंद करणं, टोकं बुजवणं

बंद करायला उजव्या हातात ५ मिमी सुई घेतली. घट्ट बंद केलेली वरची कड हा हातविणीच्या रुमालाचा सर्वांत सर्रास दोष आहे. दोन सुलट विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा, आणखी एक विणायचा, पुन्हा तसंच. दर दहा टाक्यांनी कड खालच्या कडेवर ठेवून पाहिली. दोन्ही सारख्या ताणल्या गेल्या पाहिजेत. या कडेला रुंदीच्या साधारण तिप्पट-चौपट दोरा जातो, त्यामुळे बंद करायला घेण्याआधी मीटरभराहून थोडा जास्त दोरा शिल्लक आहे ना, ते बघून ठेवावं.

टोकं बोथट दाभणाने ओवली. सूत गुळगुळीत, लोकरीसारखं एकमेकाला धरत नाही, त्यामुळे नुसतं कडेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. टाक्यांच्या वळणावरूनच सहा-सात टाके पुढे जायचं, एक कंगोरा वर चढून उलट दिशेने परत यायचं, आणि येताना दाभण मुद्दाम दोऱ्याच्या पदरांतून काढायचं. विणताना जे फाटणं नको असतं, तेच इथे कामी येतं. १ सेंमी टोक बाहेर सोडलं. पहिल्या धुण्याआधी लगत कापायचं नाही, कारण कापड आटतं आणि टोक आत ओढलं जाऊन वीण त्या जागी गोळा होते.

वजन ३४ ग्रॅम.

१२ फेब्रुवारी : पहिलं धुणं

कोमट पाणी, साधा साबण, हाताने दाबून. पिळून टॉवेलात गुंडाळला, दाबला, मग सपाट पसरून चारही कोपरे हाताने चौरस केले. टाचण्या लावल्या नाहीत, रोज वापरायच्या कापडाला त्याची गरज नाही. वाळल्यावर २२.५ बाय २२ सेंमी. टाके एकमेकांत बसले, कडा सरळ झाल्या, आणि काल हाताला लागणारा दोऱ्याचा कोरडा करकरीतपणा गेला. नंतर बाहेरची टोकं कापली.

कपडे मऊ करणारं द्रव यापुढे कधीही वापरायचं नाही. ते धाग्यावर थर चढवतं, हाताला मऊ लागतं, पण कापड पाणी घ्यायला कुरकुरतं.

१४ ते १७ फेब्रुवारी : कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

दुसरा रुमाल तिरका. सुरुवातीला फक्त ४ टाके, त्यामुळे खालची कड घट्ट होण्याचा प्रश्नच येत नाही. नव्याने शिकणाऱ्यासाठी सरळ चौकोनापेक्षा हाच आधी विणावा, असं स्पष्ट मत आहे. टाके थोडे, चूक लवकर दिसते, माप आधी ठरवावं लागत नाही.

४ टाके घालून एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळ: २ सुलट, सुईवर दोऱ्याचा एक वेढा, पुढे शेवटपर्यंत सुलट. ओळीला एक टाका वाढतो, आणि वेढ्याच्या जागी कडेला लहान जाळी पडते. ५४ टाके होईपर्यंत वाढवलं. पुढे प्रत्येक ओळ: १ सुलट, दोनाचा एक, वेढा, दोनाचा एक, शेवटपर्यंत सुलट. वेढ्याने एक वाढतो, दोनदा एकत्र विणल्याने दोन जातात, म्हणून ओळीला एक घटतो आणि जाळी तशीच चालू राहते. ४ उरले की बंद.

न धुता बाजू साडेबावीस सेंमी, वजन ३१ ग्रॅम. वेढा पुढच्या ओळीत विसरून सुटला तर जाळीची रांग तुटते आणि टाका कमी पडतो. लगेच लक्षात आलं तर त्या जागचा आडवा दोरा डाव्या सुईवर उचलून विणला की काम झालं. बाळासाठी विणायचा असेल तर जाळी नको, लहान बोटं अडकतात. वेढा पुढच्या ओळीत मागच्या पायातून विणला की भोक मिटतं, जाळी मात्र जाते.

२० फेब्रुवारी : दाणेदार वीण

तिसरा रुमाल अंग घासायला, थोडा खरखरीत पोत असलेला. ३९ टाके, म्हणजे विषम. प्रत्येक ओळ: १ सुलट, १ उलट असं करत शेवटी सुलट. विषम संख्येमुळे पुढच्या ओळीत सुलटावर उलट येतो आणि दाणे पडतात. टाके सम असले आणि हीच ओळ विणत राहिलं, तर सुलटावर सुलट येऊन उभ्या पट्ट्या होतात, कापड आत आखडतं. पट्ट्या दिसल्या की आधी टाके मोजावेत.

दोरा दर टाक्याला पुढे-मागे न्यावा लागतो, म्हणून वेळ जास्त लागतो. पुढे आणलेला दोरा मागे न्यायला विसरलं की सुईवर एक फुकटचा वेढा पडतो. कंगोऱ्यांचा हिशेब या विणीत लागू नाही. उंची मोजपट्टीनेच मोजली. ३६ ग्रॅम लागले.

२२ फेब्रुवारी : टांगायची कडी

ओला रुमाल टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो, मधोमध कडी असेल तर तिथे टोक निघतं. म्हणून कडी कोपऱ्यावर. बंद करताना शेवटचा टाका क्रोशाच्या सुईवर घेऊन १४ साखळ्या घातल्या, साखळीचं टोक त्याच कोपऱ्यात घट्ट जोडलं आणि दाभणाने दोनदा फिरवलं. तिरक्या रुमालाला ती शोभतेही जास्त.

१५ मार्च : वापरानंतर

सुलट विणीचा पहिला रुमाल आता पहिल्या दिवसापेक्षा मऊ आहे. माप २२ बाय २१.५ वर थांबलं आहे. टोकं जागेवर. यंत्रात कपड्यांबरोबर धुतला तरी वीण हलली नाही. हूक किंवा चेन असलेले कपडे वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर टाका ओढला जातो. ओढलेला टाका कापायचा नाही, दाभणाच्या टोकाने आजूबाजूच्या टाक्यांत थोडा थोडा वाटून द्यायचा. वास येऊ लागला तर कारण बहुधा पूर्ण न वाळणं हेच असतं. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवला की जातो. ब्लीच टाळलं आहे, त्याने सूत झिजतं.

दाणेदार रुमाल अंगाला चांगला, पण चेहऱ्याला रखरखीत. तो चेहऱ्यासाठी पुन्हा विणायचा नाही.

तीन गुंड्यांतून २५ ग्रॅम दोरा उरला आहे. त्याचा तिरका लहान रुमाल सुरू केला. इथे टाके मोजण्यापेक्षा वजन बघणं सोपं: १२ ग्रॅम संपेपर्यंत वाढवत जायचं, मग घटवायला लागायचं, उरलेला एक ग्रॅम बंद करायला आणि टोकांना. साधारण ४७ टाक्यांवर वळण येईल, न धुता बाजू वीसेक सेंमी होईल.